साठीनंतर कादंबरी लिहून झाली, आता पदरमोड करून छापू का?

सदर_इसम

नमस्कार मंडळी. इथे आठ वर्षे नुसती वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदाच बसले. आयडीवरून गैरसमज नको, मी बाई आहे. जिल्हा न्यायालयात ३३ वर्षे लघुलेखक होते. 'सदर इसम' हे दोन शब्द माझ्या बोटांखालून किती वेळा गेले असतील त्याला गणती नाही, म्हणून हे नाव घेतले.

निवृत्त होऊन अडीच वर्षे झाली. पहिले सहा महिने माळा आवरण्यात आणि राहिलेली लग्नकार्ये उरकण्यात गेले. मग एका दुपारी शॉर्टहँडची कोरी राहिलेली वही सापडली आणि तिच्यात लिहायला लागले. डोक्यात एवढेच होते की एक बाई साक्षीला येते, पिंजऱ्यात उभी राहते, शपथ घेते आणि स्वतःचे नाव सांगायचेच थांबते. त्याची वाढत वाढत कादंबरी झाली. ६२ हजार शब्द.

घरी वाचायला दिली. आमचे हे म्हणाले, "चांगली आहे, पण यात मी कुठे आहे?" मुलगा फोनवर "आई, एक नंबर" म्हणाला, त्याने फाइल उघडलीसुद्धा नव्हती हे मला नंतर कळले. सुनेने मात्र पूर्ण वाचली आणि म्हणाली, "आई, यातली सगळी माणसं साक्ष दिल्यासारखी बोलतात." घरात ती एकटीच खरे बोलली असे माझे मत आहे.

तीन प्रकाशकांकडे पाठवली. दोघांकडून सात महिन्यांत पोचसुद्धा नाही. तिसऱ्यांचा फोन आला: संहिता उत्तम आहे, सहकार्य तत्त्वावर काढू. सहकार्य म्हणजे मी १ लाख १५ हजार द्यायचे, त्यांनी ५०० प्रती छापायच्या, त्यातल्या ५० मला आणि बाकीच्या त्यांच्याकडे. हिशेब कसा मिळणार असे विचारले तर म्हणाले, "ताई, साहित्यसेवेत हिशेब कसला?"

कोर्टात आयुष्य काढलेल्या बाईला हे वाक्य ऐकवायला नको होते. आता वाटते, पैसे माझेच जाणार असतील तर पुस्तकही माझेच असू दे. पण मला यातले ओ की ठो कळत नाही. कोणी हे केले आहे का? आणि संवादांचे काय करू? वय ६१.

पिंपळपान

वा! आधी अभिनंदन. ६२ हजार शब्द लिहून संपवणे हीच मोठी गोष्ट आहे, आमच्या कादंबऱ्या तिसऱ्या प्रकरणात वारतात. वयाचं म्हणाल तर 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा लक्ष्मीबाई टिळक ६६ वर्षांच्या होत्या. तुम्ही पाच वर्षं आधीच आलात. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

तिरकस

स्मृतिचित्रे ही आत्मकथा आहे, कादंबरी नव्हे. आणि सगळ्यांनाच लक्ष्मीबाईंचा दाखला देणं आता बंद करूया.

स्पष्ट बोलतो, हलके घ्या. निवृत्त माणसाला दोनच रोग होतात: मधुमेह आणि कादंबरी. पहिल्यावर निदान गोळी आहे. मराठीत लिहिणारे उदंड झालेत, विकत घेऊन वाचणारा शोधून सापडत नाही. लाखभर रुपयांत अख्खा युरोप होत नसेल, पण केरळ दोघांचं आरामात होतं. जाऊन या.

सदर_इसम

@तिरकस, दोन्ही रोग आहेत. केरळही झाले आहे.

खिळेजुळारी

ताई, नमस्कार. मी कोल्हापूरचा. वयाच्या सतराव्या वर्षापासून छापखान्यात, आधी अक्षरांचे खिळे जुळवायला, मग ऑफसेट (प्लेटवरून मोठ्या संख्येनं छापायचं मशीन), आता पोराचं डिजिटल मशीन बघतो. तुम्हाला जो आकडा सांगितलाय त्याचा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे सहकार्य कोण कुणाला करतंय ते दिसेल.

डेमी, म्हणजे कादंबरीचा नेहमीचा आकार, १२ पॉइंटचं अक्षर, पानावर साधारण पावणेतीनशे शब्द. ६२ हजारांची सव्वादोनशे पानं होतात. पुस्तक १६ पानी फॉर्मच्या हिशेबानं छापतात. १४ फॉर्म म्हणजे २२४ पानं, पुढं शीर्षकपान, हक्काचं पान, अर्पणपत्रिका हे धरून १५ फॉर्म, २४० पानं. कागद ७० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड घ्या. पांढराशुभ्र घेऊ नका, डोळ्यावर येतो आणि मागच्या पानाची अक्षरं दिसतात. कव्हरला ३०० जीएसएमचं आर्टकार्ड, मॅट लॅमिनेशन, परफेक्ट (म्हणजे पाठीला चिकटवलेलं) बाइंडिंग. एवढ्या जाडीचं पुस्तक गेल्या वर्षी आमच्याकडं ५०० प्रतींना अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, सगळं धरून ५५-६० हजारांत बसलं. म्हणजे वरचे ५५ हजार तुम्ही कशाचे देताय ते तुम्हीच बघा. साहित्यसेवेचे असतील.

पण माझं ऐकाल तर ५०० छापूच नका. डिजिटलवर १०० काढा. प्रत दीडशेच्या आसपास पडेल, महाग पडेल, पडू दे. संपल्या तर आणखी १०० काढता येतात. ऑफसेटवर "अजून दोनशे वाढवा, प्रत स्वस्त पडते" असं आम्हीच गिऱ्हाइकाला सांगत आलोय. प्रत स्वस्त पडते, खोली महाग पडते.

एक विचारू? टाइप कशात केलंय?

नर्मदेकाठी

खिळेजुळारी काकांचं शेवटचं वाक्य फ्रेम करून माझ्या दिवाणाच्या वर लावायला हवं. कारण दिवाणाच्या खाली ६०० प्रती आहेत.

बँकेतून निवृत्त झालो आणि ६४ व्या वर्षी, २०१९ मध्ये, ऐतिहासिक कादंबरी स्वतः काढली. प्रत स्वस्त पडते म्हणून हजार छापल्या. बँकेत लोकांना कर्ज देताना त्यांच्या विक्रीच्या अंदाजाला कात्री लावणारा माणूस मी, स्वतःचा अंदाज मात्र एका पैशानं कमी केला नाही.

प्रकाशन समारंभ केला. सभागृह, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं गाडीभाडं, बटाटेवडा आणि कॉफी मिळून २८ हजार. विक्री झाली ४१ प्रती. प्रमुख पाहुण्यांनी मलपृष्ठावरचा मजकूर इतका छान समजावून सांगितला की पुस्तक उघडायची त्यांना गरजच पडली नसावी.

मग एका वितरकाकडे २०० प्रती दिल्या, ४५ टक्के कमिशनवर, पैसे विक्रीनंतर. चौदा महिन्यांनी खोकी परत आली. १७० प्रती, त्यातल्या काहींवर दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाचं बिल चिकटलेलं. २२ प्रतींचे पैसे मिळाले. उरलेल्या आठ कुठे गेल्या ते मी तीनदा विचारलं आणि मग सोडून दिलं. कुणीतरी चोरून वाचली असतील असं समजतो, बरं वाटतं.

आता चांगलं सांगतो. परभणी जिल्ह्यातल्या एका वाचनालयातून एका शिक्षकांचं चार पानी पत्र आलं. त्यात माझ्या नायकानं एका रात्रीत घोड्यावरून कापलेलं अंतर नकाशावर मोजून, "हे घोड्यास शक्य नाही" असं दाखवून दिलं होतं. त्या पत्रासाठी मी हजार प्रती पुन्हा छापेन. (सौ. इथे वाचत नाही.)

सदर_इसम

@खिळेजुळारी दादा, एवढा हिशेब मला कोणीच सांगितला नव्हता. टाइप जुन्या फॉन्टमध्ये केले आहे, ऑफिसात होता तोच, रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक. बोटांना दुसरे काही येतच नाही. काही अडचण आहे का?

खिळेजुळारी

हाय. म्हणून तर विचारलं.

तो फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखी दिसायच्या सोयीच्या, आधीचा. दुसऱ्याच्या संगणकावर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी ठिपक्याठिपक्यांची रांगोळी दिसणार. त्या दोन प्रकाशकांनी उत्तर का दिलं नाही, त्याचं एक कारण हेही असू शकतं! फाइल पाठवली होती की कागद?

रूपांतर करणारी साधनं आहेत, फुकट आहेत, पण आंधळा विश्वास नको. रफार सरकतो, 'ऱ्या'चा 'र्या' होतो, 'राष्ट्र' आणि 'ज्येष्ठ' मोडतात, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रूपांतर झालं की पान अन् पान वाचायचं. स्वतः नाही, दुसऱ्यानं. आपल्या डोळ्याला आपली चूक दिसत नाही, ती जिथं असायला हवी ते अक्षर डोळा स्वतःच भरून घेतो.

आणखी एक. जुळणी करणाऱ्याला सांगा, मजकुराची भाषा मराठी लावायची, हिंदी नाही. नाहीतर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. २००९ च्या शासन निर्णयात तसं लिहूनच दिलंय. बऱ्याच चांगल्या युनिकोड फॉन्टांत दोन्ही वळणं आत असतात, भाषा बदलली की अक्षर बदलतं. दोनशे पानं छापून झाल्यावर बाइंडरनं मला विचारलं होतं, "मालक, हे हिंदी पुस्तक आहे का?" तेव्हापासून मी आधी ल बघतो, मग मजकूर.

सदर_इसम

फाइलच पाठवली होती. ईमेलने. दोघांनाही.

आता सात महिने मी कोणावर रागावले होते ते आठवून हसू येत आहे.

माई_मिशिगन

सदर_इसम ताई, मी ७० ची, लेकीकडे येऊन राहिल्याला अकरा वर्षं झाली. इथे थंडीत पाच महिने बाहेर पाऊल टाकता येत नाही, त्यातून माझं लिखाण सुरू झालं. छापायचा प्रश्नच नव्हता, इथे मराठी छापणार कोण? म्हणून अॅमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक काढलं. २०१६ च्या डिसेंबरपासून तिथे मराठी पुस्तकं निघतात. खर्च शून्य, नातवानं मुखपृष्ठ केलं. रॉयल्टीचे ३५ आणि ७० टक्के असे दोन पर्याय असतात. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर ते ई-पुस्तक तेवढ्या मुदतीत दुसरीकडे कुठेच ठेवायचं नाही ही अट असते, ती नीट वाचा. मी न वाचता तीच कथा प्रतिलिपी या कथांच्या संकेतस्थळावरही ठेवली होती, मग पळापळ.

प्रतिलिपीबद्दल सांगते. तिथे रोज एक भाग टाकायचा, खाली लगेच लोक लिहितात. पहिल्यांदा सातारच्या कुणा मुलीनं "आजी, त्या सुमतीला मारू नका हो" असं लिहिलं तेव्हा मी रात्री अडीचला उठून चहा केला. पण त्याचं व्यसन लागतं. प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी धक्का हवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी माणसं येत नाहीत. माझ्या गोष्टीत दोन अपघात, एक स्मृतिभ्रंश आणि एक जुळी बहीण शिरली. मूळ गोष्ट एका लोणच्याच्या बरणीची होती.

वेलांटी

संवादांबद्दल. मी मुद्रितशोधनाचं काम करते, रोज हेच बघते. ताई, तुमचा या धाग्यावरचा मजकूरच बघा: "झाले", "गेले", "म्हणाले", सगळं एकारान्त. तुमचं निवेदन तसं असायला काहीच हरकत नाही, पण पात्रंसुद्धा तशीच बोलत असणार. आपल्या लेखनविषयक नियमांत यासाठी खास सोय आहे. पात्राच्या तोंडची भाषा बोलण्यात येते तशी हवी असेल तिथे उच्चाराप्रमाणे अनुस्वार द्यावा, म्हणजे 'असं', 'केलं', 'घरं'. एरवी 'असे', 'केले', 'घरे'. लेखकांना वाटतं की नियम म्हणजे फक्त ऱ्हस्व-दीर्घ. हा नियम जणू कथाकारांसाठीच केलेला आहे.

मात्र एकदा ठरवलं की पाळा. एकाच परिच्छेदात निवेदक "तिने" आणि "त्यानं" असा दोन्हीकडे हिंडायला लागला की मुद्रितशोधकाचं डोकं उठतं. आणि 'सदर', 'उपरोक्त', 'सुमारे', 'राहते घर' हे शब्द शोधून बघा किती वेळा आलेत. सॉफ्टवेअर मोजून देतं.

सदर_इसम

मोजले. 'सदर' ११८ वेळा. 'उपरोक्त' ९. 'सुमारे' २०४. माझ्या कादंबरीत कोणतीही गोष्ट नेमकी घडतच नाही, सगळे सुमारे घडते.

काल रात्री एक परिच्छेद पुन्हा लिहून पाहिला. आधी असा होता:

"शेवंताबाई हिने सांगितले की, घटनेच्या दिवशी सायंकाळी सुमारे साडेसहा वाजता ती आपल्या राहते घरी स्वयंपाक करीत असताना तिचा दीर सदर ठिकाणी आला व त्याने तिला दरवाजा लावून घेण्यास सांगितले."

आता असा:

"भाकरी तव्यावर होती. दीर दारात आला. 'कडी लावून घे,' म्हणाला. आतून की बाहेरून, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

बरे झाले आहे का, सांगा. मला कळेनासे झाले आहे.

पिंपळपान

अंगावर काटा.

खिळेजुळारी

भाकरी करपली का?

सदर_इसम

करपली. पुढच्याच ओळीत.

तिरकस

दुसरा परिच्छेद चांगला आहे. मी हे लिहितोय याची नोंद घ्यावी.

पण मग माझा मुद्दा उलट पक्का होतो. हा परिच्छेद तुम्ही १ लाख १५ हजार दिले असते तर लिहिला असतात का? त्या प्रकाशकानं पहिलाच छापला असता. "संहिता उत्तम आहे" म्हणाला होता ना? त्यानं वाचलेली नाही. जो पैसे घेऊन छापतो त्याला संपादन करायचं कारणच उरत नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक वाचक नसून तुम्ही असता. माझा राग लिहिणाऱ्या म्हाताऱ्यांवर नाही, न वाचता छापणाऱ्यांवर आहे. आणि स्वतः छापणारासुद्धा न वाचता छापणाराच असतो, फक्त बिल स्वतःच्या नावावर असतं.

नर्मदेकाठी

तिरकस यांच्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या कादंबरीला संपादक असता तर त्या घोड्याचा जीव वाचला असता.

काळा_डगला

वकील आहे, दोन गोष्टी सांगून जातो.

पहिली, करार. असा 'सहकार्य'वाला कागद पुढे आला तर सही करण्याआधी एवढं बघा की हक्काबद्दल काय लिहिलंय. स्वामित्वहक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं, तोंडी होत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. गंमत अशी की अनेक छापील करारांत मुदतीच्या जागी "कायमस्वरूपी" लिहिलेलं असतं आणि लेखक आनंदाच्या भरात सही करतो. पैसे तुमचे आणि हक्कही गेले, असं होऊ देऊ नका. स्वामित्वहक्काची नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं त्या क्षणी तो तुमचा आहे, आणि तुमच्यानंतर ६० वर्षं वारसांचा. तुमचे 'हे' कादंबरीत नसले तरी वारसांत आहेत, सांगा त्यांना.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. ३३ वर्षं तुम्ही खऱ्या माणसांच्या साक्षी उतरवून घेतल्यात. शेवंताबाई कुठून आली? मी विचारत नाही, तुम्ही स्वतःला विचारा. पुस्तकाच्या सुरुवातीला "सर्व पात्रे काल्पनिक आहेत" छापलं म्हणजे चिलखत चढलं असं नाही. गाव, जात, धंदा, घटनेची तारीख यांतून माणूस ओळखू येत असेल तर बदनामीचा प्रश्न उभा राहू शकतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा तर सरळ गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत २२८ अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. बंद दाराआड चाललेल्या प्रकरणांना तर हातही लावू नका.

सदर_इसम

वकीलसाहेब, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. शेवंताबाई कोणा एकीची नाही. उभे राहण्याची ढब एकीची, पदराचे टोक चावण्याची सवय दुसरीची, आणि नाव सांगायचे थांबणे ही तर कोणाचीच गोष्ट नाही, ती मला एकदा वाटून गेलेली भीती आहे. एखादी बाई असे थांबली असती तर मी वहीत काय लिहिले असते? शॉर्टहँडमध्ये गप्प बसण्याला खूण नाही. आमच्या प्रतीत गप्प बसणे म्हणजे दोन वाक्यांमधली जागा, आणि तीही टाइप करताना भरून जाते.

तरीही तुमचे वाचल्यावर गावाचे नाव आणि दिराचा धंदा बदलला. धंदा बदलल्यावर त्याचे बोलणेही बदलले, हे अनपेक्षित.

पिंपळपान

ताई, "गप्प बसण्याला खूण नाही" हे कादंबरीत आहे ना? नसेल तर घाला.

नर्मदेकाठी

छापायचं ठरलंच तर कागदपत्रांचं मी सांगतो, चुकांतून शिकलोय.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, फुकट मिळतो. दिल्लीतली राजा राममोहन रॉय संस्था देते, संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज करायचा, लेखक स्वतः प्रकाशक म्हणूनही करता येतो. यासाठी कुणी तुमच्याकडून "प्रक्रिया शुल्क" मागितलं तर ते त्याच्या प्रक्रियेचं, सरकारच्या नव्हे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, छपाईच्या बिलावर मात्र लागतो, अंदाजपत्रक घेताना धरून घ्या.

प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत स्वखर्चानं पाठवायची, तसंच मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना. १९५४ चा कायदा आहे. फार कमी जण पाळतात. मी पाळला, कारण दिवाणाखालच्या चार प्रती तरी कमी झाल्या.

वाचकांना टपालानं पाठवायला १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० पर्यंत, कर वेगळा. पाकिटात जाहिरातीचं काही टाकू नका, आणि कोणती पुस्तकं चालतात ते आपल्या पोस्टात आधी विचारा.

आणि हो, साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना असते, पहिल्या पुस्तकासाठी. मला पुस्तक निघाल्यावर कळली, म्हणजे पहिलं पुस्तक संपल्यावर.

वेलांटी

यात एक भर. कादंबरीआधी तिचा एखादा तुकडा कथा म्हणून दिवाळी अंकाला पाठवून बघा. 'मनोरंजन' मासिकाच्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून आपल्याकडे ही सोय आहे आणि अजूनही तिथे निदान कुणीतरी वाचून होय-नाही ठरवतं. जूनपर्यंत पाठवा, गणपतीत पाठवलेल्या कथा पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात जातात. आणि युनिकोडमध्ये पाठवा!

सदर_इसम

(दोन महिन्यांनी)

धागा वर काढते आहे, क्षमस्व. तुम्ही सगळ्यांनी इतके सांगितले होते की काय झाले ते कळवणे माझे काम आहे.

छापली नाही. युनिकोडमध्ये आणली (सून आणि मी, १९ रात्री, 'सदर' आता ३ वेळा आहे, तिन्ही कोर्टाच्या प्रसंगात), आणि चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून १२ प्रती काढून स्पायरल बाइंडिंग केले. लेखकाचे नाव घातले नाही. आमच्या गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना त्या दिल्या आणि सांगितले, तुमच्या नेहमीच्या वाचकांना द्या, कोणी लिहिले ते सांगू नका, सोबत पेन्सिल द्या.

नऊ परत आल्या. तीन अजून फिरत आहेत.

एका प्रतीत एकही खूण नाही, पण पहिल्या चाळीस पानांच्या कोपऱ्यांना तुपाचे बोट लागलेले आहे. जेवताना वाचत असणार. एकेचाळिसाव्या पानापासून पुढे कोपरे कोरे, कडक. ती प्रत वाचणाऱ्या बाईंनी तिथे सोडली. मी चाळिसावे पान काढून वाचले. तिथे माझा न्यायाधीश साडेतीन पाने न्यायव्यवस्थेवर विचार करतो. मलाही तिथे भूक लागली.

दुसऱ्या प्रतीत हिरव्या शाईने, थरथरत्या अक्षरात (ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ८४ वर्षांचे गृहस्थ आहेत) पान १३७ वर लिहिले आहे: "कोर्टाबाहेरचा चहावाला म्हातारा पुढे कोठे गेला? निकालाच्या दिवशी तो तेथे असावयास हवा होता." मी त्याला विसरले होते. सोय म्हणून आणला होता, शेवंताबाईला चहा पाजायला, आणि मग विसरले. निकालाच्या दिवशी तो कुठे असेल याचा चार दिवस विचार करते आहे. गाडा तिथेच आहे, स्टोव्ह पेटलेला आहे, पण तो नाही, असे काहीसे दिसते आहे. पुढचे अजून दिसत नाही.

खिळेजुळारी दादा, १०० प्रतींचे तुमच्याकडेच बघू, पण चहावाला सापडल्यावर.

खिळेजुळारी

सावकाश या ताई. मशीन पळून जात नाही.

माई_मिशिगन

त्याला जुळा भाऊ देऊ नका म्हणजे झालं.

तिरकस

तेरावी प्रत काढणार असाल तर एक इकडे पाठवा. झेरॉक्सचे आणि टपालाचे पैसे देतो.

सदर_इसम

@तिरकस, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पैसे नकोत. जेवताना वाचा.